गाडीचा रोबोट आणि धांड्याची बैलगाडी

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस घाई करत नाही. दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठी भरणारा हा बाजार शहादा तालुक्यातला. पण गिऱ्हाईक दूरदूरच्या राज्यांतून येतं आणि जनावराची पारख असणाऱ्याला इथे मान मिळतो. त्याच यात्रेत पाळण्यांच्या वाटेवर खेळण्यांची दुकानं लागतात. तिथे ही पारख थांबते. दुकानदार एका गाडीच्या पोटाखालचं बटण सरकवतो आणि गाडी खाली सोडतो. ती दिवे लावत, गाणं म्हणत धावते, मधेच थांबते, टप वर होतो, दारं बाजूला होतात, आतून डोकं निघतं आणि गाडीचा रोबोट होतो. जरा डोलून पुन्हा गाडी. पोरगं हरखतं, बाप खिशात हात घालतो, आणि खेळणं पिशवीत जातं.

या खेळण्याबद्दल एक प्रश्न जगभर विचारला जातो. रूप बदलणारे रोबोट मुलांसाठी सोपे असावेत की अवघड? एका झटक्यात बदलणारे, की वीस-पंचवीस वेळा वळवून, सरकवून, दुमडून बदलणारे? हा वाद बहुतेक वेळा मोठी माणसं घालतात, त्यातही खेळणी जमवणारी हौशी माणसं. ज्यांच्या हातात ते खेळणं जायचं, त्यांची बाजू त्यात फारशी येत नाही. नंदुरबारच्या मुलांची तर मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत, आणि अशा जिल्ह्याचं नाव निघालं की चर्चा कुपोषण, स्थलांतर, रस्ते यांवर जाते. जायलाच हवी. पण रोबोटची गाडी आता अक्कलकुव्याच्या आणि धडगावच्या बाजारातही मिळते. मोबाइल जिथे पोचला तिथे कार्टून पोचलं, आणि कार्टूनमागून खेळणं. मग ते कसं असावं याचा विचार इथल्या मुलांच्या हातांकडे बघूनही व्हायला हवा.

आधी हे खेळणं आलं कुठून ते पाहू.

कल्पना जपानची. १९७५ मध्ये ‘युशा रायदीन’ या जपानी मालिकेतला रोबोट पक्ष्याचं रूप घ्यायचा. पॉपी या कंपनीनं त्याचं खेळणं काढलं. १९८० मध्ये ताकारा कंपनीनं ‘डायाक्लोन’ आणि १९८३ मध्ये ‘मायक्रोचेंज’ या मालिका आणल्या. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोनं या दोन्हींमधली खेळणी उचलली, त्यांना नवी नावं आणि एक लढाईची गोष्ट दिली, आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ जन्माला आले. त्यातला नायक ऑप्टिमस प्राइम म्हणजे ट्रकचं तोंड. आजच्या नजरेनं तो सोपा आहे. पाय मागे दुमडायचे, हात आत घ्यायचे, डोकं लपवायचं, झालं. मुठी मात्र वेगळ्या काढून ठेवाव्या लागत, कारण त्या आत बसवायला जागाच नव्हती. बंबलबी नावाची छोटी पिवळी गाडी त्याहून सोपी, दोन-चार हालचालींची.

या खेळण्यांमागे ज्यांचं डोकं होतं त्यांत शोजी कावामोरी हे नाव मोठं आहे. १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ मालिकेतलं विमानाचा रोबोट होणारं वाल्कीरी त्यांचं, आणि ऑप्टिमस प्राइमच्या मूळ जपानी खेळण्यावरही त्यांचा हात आहे. रूपांतर जमतंय का हे बघायला ते लेगोचे ठोकळे जोडून बघतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्यानं हे कोडं रचलं त्यानंही ते आधी हातानं सोडवलं. कुठला भाग आधी सरकला तर दुसऱ्याला वाट मिळते, हे बोटांना कळतं आणि मग ते कागदावर उतरतं.

पुढे अवघडपणा वाढत गेला. २००७ मध्ये मायकल बे यांचा चित्रपट आला आणि पडद्यावरच्या गाड्या शेकडो तुकड्यांत फुटून रोबोट होऊ लागल्या. खेळण्यांनाही तसं दिसावं लागलं. २००९ च्या दुसऱ्या चित्रपटाबरोबर आलेला मोठा ऑप्टिमस प्राइम तर मोठ्या माणसांचीही परीक्षा बघणारा होता. खोक्यांवर काठिण्याची पातळीही छापलेली असे. मग लंबक उलटा फिरला. २०११-१२ च्या सुमाराला तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी ‘रेस्क्यू बॉट्स’ आले, आणि २०१४ मध्ये ‘वन-स्टेप चेंजर’, म्हणजे एकाच झटक्यात बदलणारे. हल्ली अनेक खोक्यांवर किती पायऱ्यांत रूप बदलतं तो आकडाच लिहिलेला असतो.

सोपेपणाचं टोकही एकदा गाठून झालंय. १९९० मध्ये हॅस्ब्रोनं ‘अ‍ॅक्शन मास्टर्स’ नावानं रूप न बदलणारेच ट्रान्सफॉर्मर काढले. हातपाय हलायचे, पण गाडी व्हायचीच नाही. त्याच वर्षानंतर अमेरिकेत ही मालिका काही काळ थांबली. थांबण्याला इतरही कारणं असतील, पण ज्या एका गोष्टीसाठी मूल खेळणं हातात घेतं तीच काढून टाकली तर काय उरतं, याचा तो धडा होता.

आणि आता दुसरं टोक. २०२१ मध्ये रोबोसेन या कंपनीनं हॅस्ब्रोच्या परवान्यानं असा ऑप्टिमस प्राइम आणला, की आवाज दिल्यावर तो आपणहून ट्रकचा रोबोट होतो. आत सत्तावीस मोटारी, पाच हजारांहून अधिक सुटे भाग, किंमत सुमारे ७०० डॉलर. यंत्र म्हणून ते थक्क करणारं आहे. पण मुलाच्या बाजूनं बघितलं तर सारंगखेड्याच्या वाटेवर दोन-अडीचशे रुपयांत मिळणारी गाणारी गाडी आणि हा सातशे डॉलरचा ट्रक एकाच जातीचे. दोन्हींत रूप बदलण्याचं काम खेळणं करतं आणि मूल ते बघत बसतं. मोटार स्वस्त असो की महाग, मुलाच्या बोटांना तिथे काम नाही. म्हणून सोपं की अवघड हे विचारण्याआधी मला विचारावंसं वाटतं, काम कोण करतंय?

माझा भाचा शहाद्याला राहतो, दुसरीत आहे. त्याच्या पुण्याच्या काकांनी त्याला वाढदिवसाला एक चांगल्या प्रतीचा, बऱ्याच पायऱ्यांचा रोबोट पाठवला. खोक्यात एक घडीचा कागद होता, त्यावर राखाडी रंगातली बारीक चित्रं, बाण, आणि इंग्रजी. भाच्यानं कागद एकदा उलटा धरला, एकदा सुलटा, आणि बाजूला ठेवला. रोबोटची गाडी करायला बसला.

मी शेजारी बसून बघत होतो. आधी त्यानं पाय दुमडले, कारण पाय सगळ्यांत मोठे आणि त्यांची चाकं दिसत होती. मग डोकं आत ढकललं. मग गाडीचं पुढचं झाकण खाली दाबलं. ते बसेना. एका बाजूनं वर उचललेलंच राहिलं. त्यानं जोर लावला. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “मोडी टाकशी बेटा, दादाकडे दे.” दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. भाच्यानं मान न वळवता सांगितलं, “थांब ना आजी.” झाकण पुन्हा उघडलं, आत डोकावला. आत एका बाजूचा हात कोपरात वाकलेला होता आणि त्याचं कोपर झाकणाला अडत होतं. त्यानं हात सरळ केला तर हात बाहेर आला. पुन्हा वाकवला तर अडला. मग त्यानं एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. बसलेले पाय त्यानं परत उघडले. सगळं मागे नेलं. आधी हात छातीच्या मागे घेतले आणि त्यांच्या मागून पाय आणले. पायांनीच हात आत दाबून धरले. झाकण ‘खट्’ करून बसलं.

त्या ‘खट्’नंतर तो काही बोलला नाही. त्यानं लगेच गाडी पुन्हा उघडली आणि सगळं पहिल्यापासून केलं, बघायला, की हे खरंच असंच होतं का. मग परत. जेवायला बोलावलं तेव्हा तो उठला, कारण आता ते त्याचं झालं होतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर अवघड रोबोटांची बाजू घेऊन मी मोकळा झालो असतो. पण काही आठवड्यांनी खांद्याची बारीक खिळी तुटली. मी घरात होतो. तो बरोबर दिशेला, बरोबर क्रमानं फिरवत होता. सांधा घट्ट होता आणि खिळी आगकाडीएवढी. तुटल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, “मामा, मी जोरात नव्हतं केलं.” त्याला समजवायला मला वेळ लागला. चूक त्याची नव्हती, प्लॅस्टिकची होती, पण सात वर्षांच्या मुलाला खेळणं मोडलं की स्वतःचंच चुकलं असं वाटतं. त्यानंतर तो त्या रोबोटला हात लावायला बिचकू लागला. फळीवर ठेवला, रोबोटच्या रूपात, आणि तो तसाच राहिला.

तेव्हापासून मी अवघडपणाचे दोन भाग करून बघतो. एक अवघडपणा डोक्याचा आहे. आधी काय आणि नंतर काय, कुठला भाग कुणाला अडतो, उलटं कसं जायचं. दुसरा प्लॅस्टिकचा. खिळी बारीक, सांधा घट्ट, जोड इतका सैल की एक बसवला की दुसरा निसटतो, आणि बारीक अक्षरांचा परका कागद. पहिला मुलाला हवा असतो. दुसऱ्यानं मूल फक्त हिरमुसतं. कंपन्या सोपं करायला निघतात तेव्हा बऱ्याचदा पहिला काढून टाकतात, आणि अवघड करायला निघतात तेव्हा दुसरा वाढवून ठेवतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरांत सोनेरी छटेचं एक प्लॅस्टिक वापरलं जायचं. ते काही वर्षांनी इतकं ठिसूळ होतं की हात लावताच भुगा पडतो. जमवणाऱ्या लोकांत हा दोष कुप्रसिद्ध आहे. रोबोट कितीही हुशारीनं रचला असला तरी असल्या प्लॅस्टिकात तो मुलाला काही शिकवू शकत नाही.

नंदुरबारसारख्या ठिकाणी हा दुसरा अवघडपणा दुप्पट होतो. पुण्या-मुंबईच्या मुलाचा रोबोट मोडला तर दुसरा येतो, निदान कागदावरचं इंग्रजी वाचणारं कुणी घरात असतं. तोरणमाळच्या किंवा मोलगीच्या बाजूच्या घरात आलेलं खेळणं बहुधा एकुलतं एक असतं. ते मोडलं की संपलं. बटणावर चालणाऱ्या खेळण्याची तर त्याहून वाईट गत, कारण सेल संपले की ते मोडल्यातच जमा. सेलवरच्या रोबोटला हातानं फिरवायची सोयच नसते. आतली दातेरी चक्रं अडवून धरतात, आणि मूल जोर लावतं तेव्हा तेच दाते झिजतात.

मुलाला किती अवघड द्यावं, यावर एक जुना आणि अजूनही ताजा अभ्यास आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन, चार आणि पाच वर्षांची मिळून तीस मुलं. त्यांच्यापुढे एकवीस लाकडी ठोकळे, ज्यांचा एक थरांचा मनोरा व्हायचा. ठोकळ्यांना खुंट्या आणि खाचा होत्या. शिकवणारी बाई प्रत्येक मुलाबरोबर बसायची, पण तिचा नियम असा की मुलाला जमेल तेवढं त्यालाच करू द्यायचं. अडलं तर थोडं सांगायचं, जमलं तर मागे सरायचं. तीन वर्षांच्या मुलांना कामाकडे ओढून आणावं लागलं. चार वर्षांच्यांची चूक दाखवून द्यावी लागली. पाच वर्षांची मुलं बरंचसं आपलं आपण करत आणि फक्त ‘बरोबर ना?’ म्हणून बघत. कोडं तेच होतं, ते कुणासाठीही सोपं केलं गेलं नाही. बदलली ती मदत.

मला यात रोबोटच्या वादाचं निम्मं उत्तर दिसतं. खेळणं सोपं करण्याचा आग्रह आपण बहुतेकदा धरतो, कारण मुलाशेजारी बसायला कुणाला वेळ नसतो. शेजारी मोठी बहीण असेल तर पंचवीस पायऱ्यांचा रोबोटही सहा वर्षांच्या मुलाला चालतो. शेजारी कुणीच नसेल तर पाच पायऱ्यांचाही अडतो.

पण शेजारी बसलेल्यानं किती सांगावं यालाही मर्यादा आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लहान मुलांना एक नवं खेळणं दिलं, ज्यात चार करामती लपवलेल्या होत्या. एक आवाज काढायची, एक दिवा लावायची, एक सूर वाजवायची, एकात आरसा होता. काही मुलांना मोठ्या माणसानं शिकवण्याच्या थाटात त्यातली एकच करामत दाखवली. त्या मुलांनी तीच करामत पुन्हा पुन्हा केली आणि बाकीच्या फारशा शोधल्याच नाहीत. ज्यांना शिकवलं नव्हतं, त्यांनी जास्त वेळ उलथापालथ केली आणि जास्त काही शोधलं. दाखवलं म्हणजे संपलं, असं मूल समजतं. खोक्यातला चित्रांचा कागद आणि मोबाइलवरचा ‘असं करा’ व्हिडिओ हेच करतात.

आणि एवढं सगळं वाचून झाल्यावर मी ज्वारीच्या शेताकडे येतो.

दिवाळीच्या आगेमागे खानदेशात ज्वारी निघते आणि शेतात धांडे, म्हणजे कणसं काढलेली ताटं, उरतात. पोरं ते उचलतात. धांड्याची साल दातानं किंवा नखानं सोलायची, ती लांब पट्टी होऊन निघते, धारदार असते, बोट कापतं. आत पांढरा गाभा, थर्मोकोलसारखा हलका. गाभ्याचे बोटभर तुकडे करायचे आणि सालीच्या पट्ट्या त्यांत टोचून ते जोडायचे. गाभ्यात खोचलेली साल घट्ट बसते, काढली की निघते, दुसरीकडे खोचता येते. एवढ्या दोन वस्तूंतून बैलगाडी होते. दोन लांब सालींच्या दांड्या, आडव्या पट्ट्या, पुढे जू, मागे साटा, गाभ्याच्या चकत्यांची चाकं, आणि चाकांच्या मधून जाणारा सालीचाच आस. बैलांना सालीची शिंगं. मुली त्याच धांड्याचे पलंग, पाळणे, चुली करतात, आणि बैलगाडीही करतात, हे मी आवर्जून सांगतो, कारण दुकानात रोबोट मागायला गेलं की तो मुलासाठीच असणार असं गृहीत धरलेलं असतं.

या खेळण्यात किती पायऱ्या आहेत? मोजल्या तर एखाद्या महागड्या रोबोटपेक्षा जास्त भरतील. क्रम चुकला तर आस आधी बसतो आणि चाक घालायला जागा उरत नाही. म्हणजे भाच्याच्या रोबोटमध्ये जे कोपराचं कोडं होतं तेच इथे आहे. पण एक फरक फार मोठा आहे. साल तुटली तर दुसरी साल सोलायची. गाभा फाटला तर शेजारी ढीग पडलाय. चुकीची किंमत शून्य. म्हणून मूल चुकायला भीत नाही, आणि चुकायला भीत नाही म्हणून अवघड करायला धजावतं. सातपुड्यातली मुलं रेडिमेड खेळण्यांवाचून मोठी झाली याचं दुःख करणारे पुष्कळ भेटतात. खेळण्यांवाचून ती नव्हती. बांधायची, मोडायची, पुन्हा बांधायची सवय त्यांच्या हातांना होतीच. तेव्हा आदिवासी मुलांना सोपं द्या, त्यांना झेपणार नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. धांड्याची गाडी ज्यानं जुळवली त्याला रोबोटचं डोकं आत कसं सारायचं ते कळेल. त्याला हवा आहे तो न मोडणारा सांधा.

अवघड काम आणि स्वस्त साधन ही जोडी महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते डहाणूजवळच्या कोसबाडला गेलं. समोर वारली मुलं होती आणि हाताशी माँटेसोरीची साधनं. माँटेसोरीची साधनं मुद्दाम अशी घडवलेली असतात की चूक मुलाला आपोआप दिसते. दट्ट्यांच्या लाकडी ठोकळ्यात एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो, तो कुठेच बसत नाही, आणि मूल स्वतःच मागे वळतं. पण ती साधनं महाग, आणि वाडीवरच्या अंगणात परकी. ताराबाई-अनुताईंनी बिया, शिंपले, पानं, माती, काड्या अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून साधनं उभी केली आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तिथून अंगणवाडी हा शब्द आला. त्यांनी साधन स्वस्त केलं, पण मुलाच्या डोक्याला दिलेलं काम हलकं केलं नाही. हा फरक आज खेळणी बनवणाऱ्यांनी नीट बघावा.

अरविंद गुप्तांनी पुण्यात हेच पुढे नेलं. टेल्कोमधली इंजिनीअरची नोकरी करत असताना १९७८ मध्ये ते वर्षभरासाठी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या एकमेकांत खोचून आकार करायची युक्ती त्यांना सापडली. पुढे आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी जगासमोर ठेवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काड्यांतली एक गोष्ट रोबोटशी थेट जोडलेली आहे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, शंकरपाळ्याचा आकार घेतो. रूप बदलणाऱ्या रोबोटमध्ये जिथे हात दुमडतो तिथे असा चौकोन दडलेला असतो, आणि जिथे तो ताठ उभा राहतो तिथे कुठलातरी खटका त्या चौकोनाला हलू देत नाही. काड्यांचा चौकोन दाबून बघितलेलं मूल दुकानातला रोबोट हातात घेईल तेव्हा नुसतं फिरवणार नाही, सांधा शोधेल.

कागदाचंही तेच. एका चौकोनी कागदाची शिडाची होडी करायची, दुसऱ्याला शिडाचं टोक धरायला सांगायचं, डोळे मिटायला लावायचे, आणि मागची घडी उलटायची. डोळे उघडल्यावर त्याच्या हातात होडीचं नाक असतं. त्याच कागदाची नांगरहोडी होते, बंबहोडी होते. महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी वहीची पानं फाडून आणि मार खाऊन हे केलं आहे. रूप बदलणारं खेळणं आपल्याकडे जपानहून आलं असं म्हणताना ही होडी विसरायला नको.

आता बाजाराकडे. केंद्र सरकारनं खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हे चिन्ह बघायलाच हवं, विशेषतः घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर. या वयाच्या मुलांसाठी असलेल्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असा दंडक आहे, कारण जे त्यात मावतं ते घशात अडकू शकतं. रोबोटची मूठ, बंदूक, तुटलेली खिळी, सगळं त्यात मावतं. म्हणून तीन वर्षांआधी हे खेळणं नकोच.

शुल्क वाढल्यानं बाहेरचा चांगला रोबोट महाग झाला. देशात बनवणाऱ्यांना त्यामुळे जागा मिळाली. गोव्यात आणि तामिळनाडूत कारखाने असलेल्या फनस्कूलसारख्या जुन्या कंपन्या आहेत, नवेही पुष्कळ उतरले आहेत. पण साचे तेच राहिले, बटण दाबा आणि बघा हेच, तर देशी असण्याचा मुलाला काय फायदा? मला हवाय तो रोबोट असा. आठ-दहा पायऱ्यांचा, पण जाड खिळ्यांचा. स्क्रूनं जोडलेला, डिंकानं चिकटवलेला नव्हे, म्हणजे तालुक्याच्या गावातला मोबाइल दुरुस्त करणाराही तो उघडू शकेल. भाग निसटला तर तुटू नये, खोचून परत बसावा. ही युक्ती जगातल्या चांगल्या रोबोटांत आहेच, गोळीसारखं टोक खोबणीत बसतं आणि ओढलं की न मोडता सुटतं. आणि प्रत्येक योग्य जागी ‘खट्’ असा आवाज यावा, म्हणजे कागद न वाचता मुलाला कळेल की जमलं. असा रोबोट सहा वर्षांच्या मुलाला पुरेल. नऊ वर्षांच्याला त्याच मजबुतीचा वीस पायऱ्यांचा द्यावा.

शाळांचंही बोलायला हवं. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खेळण्यांतून शिकणं हा शब्द सरकारी कागदांत पक्का झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा आणि शिकण्याच्या साहित्याचा संच आला. सहावीपासून अटल टिंकरिंग लॅब आहेत, जिथे मुलं मोटारी आणि सेन्सर जोडून खरे रोबोट करतात. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत त्यांत नंदुरबार आहे, त्यामुळे अशा योजनांचं लक्ष इकडे असतं, आणि ते चांगलं आहे. पण हाताला वळण लागतं ते पहिली-दुसरीत. सहावीत मोटार हातात येईपर्यंत ज्यानं कधी काही उघडून बघितलेलं नाही, तो शिक्षक सांगतील तेवढीच तार जोडणार.

म्हणून आश्रमशाळांच्या आणि जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. वर्गात एक मजबूत, हातानं बदलणारा रोबोट ठेवा, सगळ्यांचा मिळून एक. शेजारी धांड्यांचा एक भारा ठेवा. मुलं भिलोरी, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, ज्या भाषेत बोलत असतील त्या भाषेत ‘आधी काय, मग काय’ हे एकमेकांना सांगू द्या; क्रम सांगायला लागणारी क्रियापदं त्यांना घरून येतात. मोठ्या मुलांना लहानांशेजारी बसवा आणि सांगा की हात लावायचा नाही, फक्त विचारलं तर बोलायचं. रोबोट रोज पूर्ण करून कपाटात ठेवू नका, अर्धा बदललेला टेबलावर राहू द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलाला तो कुठून आला आणि कुठे चाललाय हे शोधावं लागेल. धांड्यांतून त्याचा गुडघा करून बघायला सांगा. आणि खोक्यातला चित्रांचा कागद पहिले काही आठवडे आपल्या जवळच ठेवा, एखाद्या मुलानं स्वतःहून मागितला तर त्याला द्या, आणि तो वाचून त्याला काय कळलं ते बाकीच्यांना सांगायला लावा.